आकाशातून बावखल

टोरांटोला स्थायिक झालेल्या बालमित्रांकडे तीन महिने राहून वसईचे एक वृद्ध बागायतदार विमानाने घरी परतत होते. जाताना त्यांच्या पिशवीत मित्रांसाठी सुकेळी होती. येताना खिशात एका मित्राच्या हातचा कागद होता.

वसईच्या वाड्यांतून पावसाचे पाणी साठविणारी लहान तळी असतात. त्यांना बावखल म्हणतात. हे पाणी जमिनीत मुरते, त्यामुळे विहिरी गोड राहतात व समुद्राचे खारे पाणी आत सरकत नाही. घरांसाठी जागा हवी म्हणून अशी कितीतरी बावखले बुजविली गेली; आणि एकदा टाकलेली भर कोण उपसतो? ज्या बावखलात हे सारे मित्र पोहायला शिकले, ते दोन घरांचे सामाईक होते. ‘माझा वाटा बुजवू नये,’ एवढेच त्या मित्राने लिहून दिले होते.

आश्विनातील सकाळ होती. विमान समुद्रावरून खाली येऊ लागले. उल्हास नदीची खाडी दिसली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला किल्ला झाडीत कोठे दडला होता कोण जाणे! एवढ्यात उगवत्या सूर्याचे तिरपे किरण पडले. दूरवर मिठागरांचे चौकोन लखलखले आणि अलीकडे, हिरव्या वाड्यांत, आरशाचे तुकडे सांडावेत तसे ठिपके चमकले. त्यांतील आपला कोणता, हे आजोबांना ओळखता येईना. ते मोजू लागले. अकरापर्यंत आले, तोच विमान वळले आणि खिडकीत नुसते आकाश उरले. त्यांनी खिसा चाचपून पाहिला.