भिंतीतले चार तंतू

झ्युरिकमध्ये भाड्याचं घर पाहताना लोक ट्रॅमचा थांबा किती लांब आणि तळघरातल्या धुलाईयंत्राची पाळी कधी, हे विचारतात. मी आधी भिंतीवर ओटीओ आहे का ते पाहते. ओटीओ म्हणजे फायबरचा छोटासा सॉकेट. त्यावर एक क्रमांक असतो. नव्या इंटरनेट कंपनीला तो कळवला की जोडणी तिच्याकडे वळते. स्विस पद्धतीप्रमाणे या सॉकेटपर्यंत चार तंतू येतात, त्यामुळे एका घरावर एकाच कंपनीचा हक्क राहत नाही. म्हणून इथे कंपनी खरोखर निवडता येते. पण घरी स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल, तर जाहिरातीतला वेग बघून ती निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा सर्व्हर म्हणजे कपाटात मावणारा लहानसा संगणक. त्यावर घरच्यांचे फोटो आहेत, आणि आत्याने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही आहेत, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. मिरजेत आई-बाबा त्या ऐकतात, तेव्हा आवाज थेट माझ्या कपाटातून तिकडे जातो. म्हणजे मला गरज आहे ती घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाची. टीव्हीच्या केबलवरून नेट देणाऱ्या कंपन्या डाउनलोडचा आकडा ठळक छापतात आणि अपलोडचा बारीक अक्षरात. एक टेराबाइट फोटो 40 मेगाबिटच्या अपलोडने पाठवायला दोन दिवसांहून जास्त लागतात. दोन्ही बाजूंना एक गिगाबिट असेल, तर तेच काम सव्वादोन तासांत होतं.

दुसरा प्रश्न पत्त्याचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत, म्हणजे आयपीव्ही4 मध्ये, जेमतेम 430 कोटी पत्ते आहेत, आणि युरोपात ते वाटणाऱ्या राइप संस्थेकडचा साठा नोव्हेंबर 2019 मध्येच संपला. मग अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. जुन्या वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि दारावर नाव फक्त मालकाचं, तशी ही गत. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आलेल्याला कोणाकडे पाठवायचं हे दाराला कळत नाही. व्हिडिओ बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हर मात्र निकामी होतो. राउटरवर पोर्ट कितीही उघडले तरी उपयोग नसतो, कारण अडसर कंपनीच्या यंत्रात असतो. म्हणून सही करण्याआधी ‘सार्वजनिक आयपीव्ही4 मिळेल का’ हे लेखी विचारून घ्यावं.

आयपीव्ही6 या नव्या पत्तेपद्धतीमुळे हा गुंता बराच सुटतो. बाबांच्या फोनवर जिओ आहे, आणि जिओचं जाळं 2016 पासून आयपीव्ही6 वर चालतं. त्यामुळे त्यांचा फोन माझ्या सर्व्हरपर्यंत मध्यस्थाविना पोचतो. पण गावातल्या केबलवाल्याकडून नेट घेतलेल्या नातेवाइकांकडे अजून आयपीव्ही4 च असू शकतं, म्हणून दोन्ही हवेत. विंटरथूरची इनिट7 ही छोटी कंपनी इथल्या सर्व्हरवेड्या मंडळींना आवडते, ती याचसाठी. ती 25 गिगाबिटपर्यंतचा वेग देते, पण मला त्याहून मोलाची वाटते ती तिची पत्त्यांची सोय. कायमचा /48 आयपीव्ही6 पट्टा मिळतो, म्हणजे घरात 65,536 वेगवेगळी जाळी उभारता येतील एवढी जागा.

अशा छोट्या कंपनीला घराघरापर्यंत पोचता येतं, यामागे नागरिकांचा निर्णय आहे. शहराच्या वीज कंपनीने फायबर टाकावं यासाठी झ्युरिककरांनी 2012 मध्ये 40 कोटी फ्रँक मतदानाने मंजूर केले. पुढे 2020 मध्ये स्विसकॉम या बड्या दूरसंचार कंपनीने नव्या भागांत वेगळी रचना सुरू केली. त्यात एकाच तंतूला वाटेत फाटे फोडून अनेक घरं जोडली जातात. मग दुसऱ्या कंपनीला स्वतःची यंत्रं लावायला सलग तंतूच मिळत नाही, तिला स्विसकॉमचीच सेवा घेऊन पुढे विकावी लागते. इनिट7 ने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही रचना थांबवली, 2021 मध्ये न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला, आणि 2024 मध्ये स्विसकॉमला 1 कोटी 80 लाख फ्रँकचा दंड झाला. जमिनीखाली तंतू कसे टाकले आहेत, यासाठी एखादा देश इतकं भांडतो, याचा मला मनापासून आदर वाटतो. माझ्या घरातला सर्व्हर त्या भांडणावर उभा आहे.

मेलचा सर्व्हर मात्र मी घरी ठेवत नाही आणि कोणाला ठेवायलाही सांगत नाही. मेल पाठवायला लागणारं पोर्ट 25 अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर बंद ठेवतात. ते उघडं असलं तरी घरगुती पत्त्यांच्या याद्या बघून मोठे मेलवाले तिथून आलेलं पत्र स्पॅममध्ये टाकतात. शिवाय पत्त्यावरून नाव सांगणारी उलट डीएनएस नोंद कंपनीनेच करून द्यावी लागते. मेलसाठी डेटा सेंटरमधलं भाड्याचं छोटं यंत्र पुरतं, आणि तिथल्या पत्रांची प्रत रोज रात्री घरच्या संगणकावर उतरते.