साखळीची बेगमी

रविवार, 5 जून 1966 रोजी अर्थमंत्री सचिंद्र चौधरी यांनी आकाशवाणीवरून रुपयाच्या अवमूल्यनाची घोषणा केली, आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर दुसऱ्या दिवसापासून साडेसात रुपयांचा झाला. कडेगावच्या बाजारात त्या घोषणेचा अर्थ लावला गेला तो एवढाच, की लोखंडाचा म्हणून जो जो जिन्नस असेल तो आता महाग होणार.

मी त्या काळी सोसायट्यांचा ग्रुप सेक्रेटरी होतो. तडसर, वांगी, चिंचणी, देवराष्ट्रे अशा गावांची दप्तरे सायकलच्या कॅरियरला बांधून हिंडणे हाच माझा नित्यक्रम होता, आणि सायकल थांबली तर कर्जवाटपाचे कागद तालुक्याला विट्यास वेळेवर पोहोचत नसत. म्हणून त्याच आठवड्यात सुट्या भागांची तजवीज करण्याच्या हेतूने मी कराड गाठले.

मी चेनी मागितल्या, तेव्हा दुकानातील वृद्ध मिस्त्रींनी माझ्या सायकलच्या चेनव्हीलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रावसाहेब, दाते झिजून आकड्यासारखे झालेत. नुसती चेन नेऊन काय उपयोग? हे चाक नव्या चेनीला खाऊन टाकंल." मग त्यांनी फूटपट्टी लावून दाखवली: चेनीच्या एका खिळीपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच, तेव्हा 12 इंचांत 24 कड्या काटेकोर बसल्या पाहिजेत, माझ्या चेनीत शेवटची खिळी पट्टीच्या पुढे एक अष्टमांश इंच सरकली होती. लोखंड ताणले जात नाही, प्रत्येक खिळी आपल्या घरात कणाकणाने झिजते, आणि ती सारी झीज एकत्र होऊन चेन लांबते, हे यंत्रशास्त्र मला त्या दिवशी प्रथम उमगले. सोनहिरा खोऱ्यातील मुरमाची धूळ तेलात मिसळली म्हणजे ती कानशीचेच काम करते. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून उद्योगाला आरंभ केला आणि 1910 मध्ये आमच्या शेजारी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, त्यांच्या मुलखात राहणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावयास हवे, असे मला आजही मनापासून वाटते.

मी दोन चेनी, एक चेनव्हील, दोन फ्रीव्हील, थोडे बॉल आणि मूठभर कॉटर घेतले. कॉटर स्वस्त असतो, पण तो सैल झाला की सारा क्रँक डगमगतो, आणि कानशीने घासून नेमका बसवावा लागत असल्याने एखादा वाया जाण्याची तरतूद ठेवावीच लागते. मिस्त्री टायर-ट्यूब मात्र देईनात. रबर पडून राहिले की कडक होऊन चिरते, म्हणून ते लागेल तेव्हाच घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो सर्वथा योग्य होता. फळीवर आणखी चेनी होत्या, ऐपतही होती. तथापि शाळा उघडण्याच्या तोंडावर, जी मुले खेड्यांतून हायस्कुलात सायकलने येणार, त्यांच्या वाट्याचा माल माझ्या फडताळात कोंडणे मला अप्रशस्त वाटले.

घरी आल्यावर चेनी मशीनच्या तेलात भिजवून, निथळवून, मेणकागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. गोडे तेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होऊन कड्या आखडतात. दिवाळीनंतर त्याच चेनीला बाजारात जादा पैसे पडू लागले, आणि मला पुढे दीर्घकाळ काहीच विकत घ्यावे लागले नाही.

भाववाढीच्या भयाने सुटे भाग घेऊन ठेवू इच्छिणाऱ्या सायकलस्वारास माझे एवढेच सांगणे आहे, की प्रथम जुन्या चेनीला फूटपट्टी लावावी, चेन आणि फ्रीव्हील नेहमी जोडीने घ्यावे, आणि आपल्या गरजेपुरते घेऊन उरलेले दुकानात राहू द्यावे.