बेडूक बुडवायचा कशाला?

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. घरच्या बातम्यांवर फोनवर बोलूच. पण शेवटी जाता जाता जो प्रश्न टाकलायस, त्याचं उत्तर फोनवर मावणार नाही, म्हणून हे लिहायला बसले. "मासे धरायला रबरी बेडूक पाण्यावर नाचवायचा असतो, असं आमच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. मग तू तो पाण्याखाली बुडवतेस कशाला?" असं तू विचारलंयस. अगं, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईनंच विचारावा असा प्रश्न आहे हा! आणि त्याचं उत्तरही आपल्या त्या जुन्या वह्यांमध्येच आहे.

तुमच्या उजनी धरणातली मरळ घे. तिला कल्ले असतात, पण नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा धरणारी पोकळी असते आणि ती भरायला तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. त्यामुळे तुझा भाचा पाण्यावर बेडूक नाचवतो ते बरोबरच आहे, मरळीचं येणं-जाणंच तिथं असतं. मी इथं टेक्सासात धरते त्या बास माशाचं तसं नाही. हा इथला लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या जबड्याचा. तोंड मिटलेलं असतानाही याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत पोचलेला दिसतो. याचा श्वास पूर्णपणे कल्ल्यांवर चालतो, हवेसाठी वर यायची त्याला गरज नाही. वर येतो तो फक्त शिकारीला, आणि तेही बहुतेक पहाटे, तिन्हीसांजेला किंवा आभाळ भरलेलं असताना. ऊन चढलं की पाणवनस्पतींच्या सावलीत खाली जाऊन बसतो. मग दुपारी वर बेडूक नाचवून दाखवायचा कुणाला?

शिवाय बेडूक तरी सदासर्वकाळ वर कुठे असतो? काठावरच्या बेडकाजवळ पाऊल वाजलं की तो काय करतो, हे आपण लहानपणी ओढ्यावर किती वेळा पाहिलंय. बुडी मारतो, दोन-चार लाथा झाडतो आणि तळाशी जाऊन गप्प बसतो. इथल्या उत्तरेकडच्या राज्यांमधले लेपर्ड फ्रॉग तर हिवाळ्याच्या तोंडावर गवताळ रानांतून तळ्यांकडे निघतात आणि अख्खी थंडी पाण्याच्या तळाशी काढतात. चिखलात पुरून नाही हं, चिखलात प्राणवायू कुठला? तळावर उघडेच बसतात, वर बर्फाची लादी असते आणि हे कातडीतून श्वास घेत राहतात. बेडकाचं त्वचेतून श्वसन, आठवतंय का? परीक्षेत हमखास यायचं. म्हणजे पाण्याखाली पाय झाडत जाणारा बेडूक हे बासच्या ओळखीचं खाद्य आहे. मासेमारीच्या दुकानांतल्या भिंती मात्र वर तरंगणाऱ्या बेडकांनी भरलेल्या. कारण उघड आहे. बास पाणी फोडून वर येतो तो देखावाच असा असतो की एकदा पाहिलेला माणूस दुसरं काही मागत नाही.

मी मागते. पाण्याखालचा बेडूक हे हातानं ऐकायचं काम आहे आणि मला ते वरच्या धमाक्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

आधी बेडूक कसला ते सांगते. तरंगणारा आतून पोकळ असतो. माझा भरीव. पीव्हीसीत तेल मिसळून, तापवून साच्यात ओतलेला, खरवसासारखा लुसलुशीत. पुष्कळ कारखाने त्यात मीठही घालतात, त्यानं वजन वाढतं आणि तो सहज बुडतो. मागे दोन पाय आणि पायांच्या टोकाला वळलेले पडदे. ओढला की हे पडदे फडफडतात आणि ती थरथर पाण्यातून पसरते. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेखा असते, तुझ्या फळ्यावरची लॅटरल लाइन. गढूळ पाण्यातही त्याला ही थरथर कळते.

आता गळ लावणं. याला टेक्सास रिग म्हणतात आणि ते टेक्सासात बसून करण्यात मला उगाचच समाधान वाटतं. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन ओवायचं, मग रुंद वाकाचा गळ बांधायचा. गळाचं टोक बेडकाच्या नाकातून आत घालून हनुवटीतून बाहेर काढायचं. गळ तसाच खाली ओढून उलटा फिरवायचा आणि टोक पोटातून वर पाठीपर्यंत न्यायचं. पाठीवर ते जरासं दिसलं की बेडकाची कातडी चिमटीत धरून टोक तिच्याखाली अलगद लपवायचं. आता हा बेडूक कुठल्याही झुडपात टाका, अडकत नाही. पण माशानं तो तोंडात दाबला की मऊ अंग दबतं आणि टोक मोकळं होतं. गळ तिरपा लागला तर बेडूक ओढताना गोल गोल फिरतो आणि दोरीला पीळ बसतो, म्हणून गळाच्या काठीला हात लावण्याआधी मी तो नाकापासून पायांपर्यंत सरळ आहे ना, हे डोळ्यासमोर धरून बघते.

जायचं ते लेक फोर्कला. डॅलसहून पूर्वेला दीडेक तासाचा रस्ता. १९८० साली धरण पुरं झालं आणि पाणी चढलं, तेव्हा खोऱ्यातली पुष्कळ झाडं तशीच उभी ठेवली होती. अजूनही त्यांचे खुंट पाण्यातून डोकावतात. बासला आडोसा लागतो आणि इथं तो रगड आहे. याच तलावात १९८६ च्या नोव्हेंबरात मार्क स्टीव्हनसन या वाटाड्याला १७.६७ पौंडांची बास मादी मिळाली. ती त्यानं जिवंत ठेवून सरकारी मत्स्यखात्याला दिली. मोठ्या माद्यांपासून पैदास करायची, ही खात्याची नवीन योजना होती आणि ती पहिलीच मासोळी. तिचं नाव एथेल. पुढे ती मिझुरीतल्या एका मोठ्या मत्स्यालयात राहिली. मोठा मासा आधी जिवंत परत देण्याचा विचार करायचा, ही इकडची सवय मला फार मोलाची वाटते. फोर्कवर तर १६ ते २४ इंचांमधला बास घरी नेताच येत नाही, मोजायचा आणि सोडून द्यायचा.

आणि तिथं पाण्यात काय आहे, सांगू? हायड्रिला! आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली. चंचुपात्रात हायड्रिला, वर उपडं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, बुडबुडे जमले की धुमसती काडी आत घालायची. तीच वनस्पती. १९५० च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात शिरली आणि दक्षिणेकडच्या तळ्यांत फोफावली. तलाव सांभाळणारे तिला वैतागलेत, टेक्सासात ती बाळगणंही बेकायदा आहे. घरी निघताना होडीवरची एकूण एक काडी काढून टाकावी लागते आणि मी ती मनापासून काढते. बास मात्र तिच्या छपराखाली खुशीत असतो.

तर त्या हिरव्या छपरात एखादं भोक शोधायचं, परातीएवढं असलं तरी चालेल. बेडूक त्याच्या पलीकडे टाकायचा, पानांवरून सरपटत आणायचा आणि भोकाच्या काठावरून आत सोडायचा. इथपर्यंत सगळेच करतात. पण लोक इथं बेडूक पुढे ओढून नेतात आणि मी तिथंच थांबते. दोरी सैल सोडायची. बेडूक नाकावर खाली जातो, पाय मागे वर तरंगतात, पडदे हलतात. या पडण्यातच निम्म्याहून जास्त मासे घेतात. नजर दोरी पाण्यात शिरते त्या जागेवर खिळलेली हवी. दोरी चालता चालता मध्येच थांबली, किंवा इंचभर बाजूला सरकली, की समजायचं. बास चावा घेत नसतो गं, एकदम तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि पाणी कल्ल्यांतून सोडून देतो. हाताला येतो तो बारीकसा टकटक आवाज, कधी तर तोही नाही, फक्त दोरीचं वजन गेल्यासारखं वाटतं. सैल दोरी पटकन गुंडाळायची आणि काठी जोरात वर घ्यायची. त्या क्षणी सगळी झाडी हलते.

कुणी घेतलाच नाही, तर बेडूक तळाला टेकू द्यायचा, काठीचं टोक थोडं उचलून दोन छोट्या उड्या द्यायच्या, परत थांबायचं. पाणी थंड असेल तर हे थांबणं आणखी लांबवायचं, कारण माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं आणि त्याची धावण्याची तयारी नसते. आणि एक युक्ती भाच्याला जरूर सांग. वरच्या बेडकावर मासा झेपावला आणि चुकला, तर तिथंच लगेच बुडणारा बेडूक टाकावा. मासा अजून खालीच असतो, चिडलेला.

बेडूक पाण्याखाली खेळवायची ही कल्पना काही आजची नाही. विस्कॉन्सिनमधली अंकल जॉश नावाची कंपनी डुकराच्या कातडीचे बेडूक करायची, मिठाच्या पाण्यात मुरवून बाटलीत भरलेले. जुने लोक ते वजनदार गळामागे लावून खोल पाण्यात उतरवायचे. मऊ प्लास्टिकचं पहिलं नावाजलेलं आमिष म्हणजे गांडूळ. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम यांनी ते १९४९ मध्ये केलं आणि पुढे त्यांचा धंदा टायलरला आला, फोर्कच्या शेजारीच.

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचते. हे प्लास्टिक कुजत नाही. दोन-चार मासे लागले की बेडकाचं नाक फाटतं आणि लोक तो सरळ पाण्यात भिरकावतात. मासे ते गिळतात आणि पोटात ते फुगून बसतं. मी फाटलेले सगळे एका पिशवीत घालून घरी आणते, काठावर दुसऱ्यांचे दिसले तर तेही. भाचा वर्गणी काढून असले बेडूक मागवणार म्हणालीस, तर पहिली अट हीच घाल. दुसरी अट, मरळीची पिलं लाल पुंजक्यानं वर फिरत असतील तिथं गळ टाकायचा नाही. आईबाप खाली राखणीला असतात, ते उचलले तर तो पुंजका अर्ध्या दिवसात इतर मासे फस्त करतात. बासचा नरही घरट्याची अशीच राखण करतो आणि वसंतात मी त्या उथळ जागा टाळून पुढे जाते.

बेडूक मी इथून पाठवते, हिरवे आणि काळे. त्यांची पाकिटं वेगवेगळी ठेवायला सांग आणि कडक प्लास्टिकच्या डबीत टाकू नको म्हणावं, आतलं तेल डबी विरघळवतं. तुझ्याकडून मला एक हवंय. उजनीचं पाणी उतरलं की तुमच्याकडचे बेडूक नक्की कुठे जातात, मळीच्या भेगांत की पाण्यात? भिगवणच्या जुन्या कोळ्यांना विचार आणि सविस्तर लिही. मरळ हवेसाठी वर येते हे खरं, पण बाकीचा वेळ ती खालीच काढते. त्यामुळे बुडणारा बेडूक ती घेईल असं मला वाटतं आणि तू काठावर उभी राहून पाहिलंस तर मला पक्कं कळेल.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
विद्या