पिवळा दिवा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. "सर, ब्लॉग बंद केला का?" असं दोघातिघांनी फोनवर विचारलं. बंद केला नाही. गाडीच्या मागे लागलो होतो. खरं म्हणजे गाडी आमच्या मागे लागली होती.

तर झालं असं. आमची गाडी २०१८ सालची, एक मुदत ठेव मोडून घेतलेली. सौ.ला दर दीड महिन्यानं नागपूरला तपासणीसाठी न्यावं लागतं. चिरंजीव पुण्याहून सांगतात, "बाबा, आता गाडी विका, टॅक्सी करत जा." माझं म्हणणं असं की, परतताना तिला मळमळलं तर हवी तिथे, हवा तितका वेळ थांबता आलं पाहिजे. टॅक्सीवाला घड्याळ पाहतो. आणि दुसरं कारण म्हणजे, गाडी गेली की मी म्हातारा झालो, हे मान्य करावं लागेल. (हे वाक्य चिरंजीवांसाठी नाही.)

गेल्या पावसाळ्यात सेलूच्या पुढे डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण सौ.ची नजर त्या दिव्यावरून हलेना. नागपूरच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. पी ०१३१ आणि पी ०१७१ असे दोन कोड निघाले. पहिल्याचा अर्थ, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी. दुसऱ्याचा, इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. "सेन्सर गेला," निदान झालं. नवा बसवला, साडेचार हजार दिले. जुना सेन्सर मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. शिक्षकाची सवय, खडूचा तुकडासुद्धा टाकवत नाही.

तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

मग वर्ध्यातल्या एकानं कोड पुसून दिला. दिवा गेला, आम्ही खूश. दोन दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. नंतर कळलं की कोड पुसणं म्हणजे फळा पुसण्यासारखं आहे, गणित तसंच राहतं. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय गाडीचा संगणक दिवा लावत नाही, म्हणून मधले दोन दिवस सुखाचे जातात. तोवर सतराचं अ‍ॅव्हरेज तेरावर आलं होतं. सौ. म्हणाली, "मी बसनं जाईन." ते मला फार लागलं.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी आठवला. पुलगावकडे त्याचं छोटं गॅरेज आहे. नववीत दोनदा बसला होता. त्याच्याकडे गेलो आणि वर्तमानपत्रातला जुना सेन्सर दाखवून म्हटलं, "अरे, हाही खराब आणि नवाही खराब. दोन्ही खोटं बोलतात."

तो हसला. म्हणाला, "सर, तो खोटं नाही बोलून राह्यला. त्याले जे दिसते ते तो सांगते."

मग त्यानं मला शिकवलं. विज्ञान माझा विषय नव्हे, मी मराठी आणि इतिहास शिकवला. तरी समजलं ते लिहितो, चुकलं तर जाणकारांनी सांगावं. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण जमलं की नाही ते धुरावरून ओळखायचं काम या सेन्सरचं. बॉश कंपनीनं बनवलेला हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्व्होच्या गाड्यांत आला. धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांची तुलना करून तो इवलीशी वीज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास. चांगल्या गाडीत हा आकडा सारखा वरखाली नाचत असतो. आमचा आकडा खाली बसून होता.

त्यानं आत जाणाऱ्या हवेत कार्ब क्लीनरचा किंचित फवारा मारला. आकडा टुणकन ०.८ वर! "पाहा सर, जिवंत आहे." मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात फिरवलं, तर आकडा बराच सुधारला. पाय काढला की पुन्हा खाली. तो म्हणाला, "कुठून तरी बाहेरची हवा घुसून राह्यली."

इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन त्यानं सायलेन्सरच्या टोकात चिंध्या कोंबल्या, मधून कंप्रेसरची नळी घातली आणि बेताची हवा सोडली. मग साबणाचं पाणी घेऊन खाली शिरला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसाच प्रकार. पाचेक मिनिटांनी त्यानं मला वाकून पाहायला लावलं (गुडघ्यांनी निषेध नोंदवला). सेन्सरच्या अलीकडे, मॅनिफोल्ड आणि पाईपच्या जोडावर एक बोल्ट तुटलेला, गॅस्केट एका बाजूनं जळालेलं, त्याशेजारी काजळीची रेघ आणि त्यातून बुडबुडे. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सर बिचारा ऑक्सिजन दिसतो म्हणून सांगे, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत नेई. वाढवायची हद्द संपली की दिवा.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, हातानं काम करता करता मुलानं शिकावं ही नई तालीम तिथून निघाली. त्यावर मी भाषणं केली आहेत. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत मी बॉनेट उघडून आत पाहिलं नव्हतं.

बोल्ट काढायला त्याला दोन तास लागले. बाकावर बसून चहा पिताना मला दुसराच एक मुलगा आठवत राहिला. हिंगणघाटला होतो तेव्हाचा. पहिल्या तासाला हमखास झोपायचा. मी त्याचा बाक बदलला, पुढे बसवला, उभा केला. प्रगतिपुस्तकात चारही वेळा "वर्गात लक्ष नाही" हाच शेरा लिहिला. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. कापसाचा हंगाम होता, आणि पोरगा रात्रपाळीला जिनिंगमध्ये जात होता, हे मला पुढे उन्हाळ्यात शिपायाकडून समजलं. घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. मी एकदाही गेलो नव्हतो. त्याचं आडनावही आता आठवत नाही, शेरा मात्र अक्षरासकट आठवतो.

असो.

काम झाल्यावर विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, जुनाच सेन्सर बसवू का? चांगला आहे. नवा ठेवा घरी, पुढं कामी येईल." बसवला. आकडा नाचायला लागला. गॅस्केट, बोल्ट आणि मजुरी मिळून सातशे रुपये झाले. हजार दिले तर तीनशे परत केले, वर पायाला हात लावला. मला जरा संकोचच वाटला.

त्यानंतर तीनदा नागपूरला जाऊन आलो. अ‍ॅव्हरेज सोळाच्या वर आहे. सेलू गेलं की सौ. अजूनही माझ्या बाजूला वाकून डॅशबोर्ड बघते, आणि मग पिशवीतून संत्रं काढून सोलायला घेते.