नाथसागरावरचे पाहुणे

आमच्या कपाटात एक निळी फाईल आहे. तीत दोन पारपत्रे, काही पावत्या आणि केनियातील मसाई मारा अभयारण्याचा घड्या पडलेला नकाशा आहे. तुमच्याही घरी अशी एखादी फाईल असेल. काशीची, अमेरिकेतल्या नातवंडांची किंवा नुसतीच कोकणातल्या माहेराची. म्हणूनच हे तुम्हाला सांगावेसे वाटते.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना एकच ध्यास होता. टांझानियाच्या सेरेंगेटीत दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत हजारो झेब्रे पावसाच्या व कोवळ्या गवताच्या मागोमाग वर्षभर फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांचे कळप मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. ते दृश्य वयाच्या सत्तराव्या वर्षी प्रत्यक्ष पाहायचे, असा ह्यांचा संकल्प होता. त्यासाठी वेगळी मुदत ठेव केली होती. पीतज्वराची लस साठीनंतर सरसकट घेता येत नाही, ती जिवंत विषाणूंची असल्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो, हेही ह्यांनीच शोधून काढले होते. ऑगस्टचे आरक्षण झाले.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका दुपारी, ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. तोंड किंचित वाकडे झाले होते, शब्द अडखळत होते. मी समजले, ऊन लागले असेल. साखरपाणी पाजले, पंखा वाढवला आणि निजू दिले. जवळजवळ दोन तास मी तशीच उशाशी बसून राहिले. तो पक्षाघात होता. चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, तोंडाने काहीही देऊ नये आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी, कारण गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. हे सारे मला नंतर कळले. कृपया तुम्हाला ते आधीच कळू दे.

प्राण वाचले, मात्र उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ह्यांना सारे समजत असे, पण हवा तो शब्द ओठांवर येत नसे. आरक्षण मी गुपचूप रद्द केले. ह्यांनी नकाशाकडे बोट दाखवले की, "पुढच्या वर्षी जाऊ हं," असे म्हणत असे. काळजी घेणाऱ्या माणसाला असे खोटे बोलण्याची फार लवकर सवय लागते. दोन तासांची गोष्ट तर मी कोणालाच सांगितली नव्हती.

या जानेवारीत पुतण्या म्हणाला, "काकू, आफ्रिका राहू द्या. काकांना पैठणला घेऊन चला. तिथंही स्थलांतरच आहे की!"

छत्रपती संभाजीनगरात आयुष्य काढूनही आम्ही नाथसागराकडे केवळ धरण म्हणूनच पाहत आलो होतो. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. गोदावरीचे पाणी दूरवर, परंतु उथळ पसरले. उथळ पाणी, चिखल आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन पक्ष्यांना मानवली. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मानवाने शेतीसाठी अडवलेल्या पाण्याचा पत्ता मध्य आशियातल्या पक्ष्यांनी आपणहून शोधला.

आम्ही निघालो ते दुपारी तीनला. पहाटेच्या थंडीत रक्तदाब वाढण्याचा धोका असतो, म्हणून पक्षिनिरीक्षकांची लाडकी पहाट आम्ही टाळली. औषधे, कानटोपी, सुकी कपड्यांची जोडी, पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची आणि लघवीचे भांडे सोबत घेतले. या शेवटच्या वस्तूचा संकोच करू नका. त्या संकोचापायीच अनेक वृद्ध पाणी पिणे सोडतात आणि घराबाहेर पडणेही. बिडकीन, ढोरकीन मागे टाकून धरणाच्या मागच्या पाण्याकडे वळलो. काठाच्या ओल्या मातीत पाय घसरू नये म्हणून खुर्ची टणक जमिनीवरच मांडली. उजवा हात दुर्बीण पेलू शकत नव्हता; तेव्हा गाडीच्या उघड्या दाराच्या खिडकीवर घोंगडीची घडी ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवली.

पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा काळा थवा तरंगत होता. पलीकडे थापट्या बदके होती, केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी होती. पुतण्याने हळूच दूरच्या हरभऱ्याकडे बोट केले. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पक्षी चरत होते. पट्टकदंब! मंगोलिया, तिबेट, लडाखच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालणारे आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडे येणारे.

ह्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ शांतता होती. मग मला ह्यांचा आवाज ऐकू आला. "एक... दोन... तीन..."

वाचा-उपचार देणाऱ्या ताईंनी मला सांगितले होते की, वाचा गेलेल्या माणसालाही मोजणी, वारांची नावे, पाठ असलेली आरती कधी कधी सहज म्हणता येते. मेंदूत त्यांची वाट थोडी निराळी असते. घरी आम्ही तो सराव करत होतो, पण दहाच्या पुढे हे कंटाळत. त्या दिवशी एकतीसपर्यंत मोजले. मग मान वळवून म्हणाले, "पुरे."

"दमलात का?" मी विचारले. ह्यांनी मान हलवली, नाही.

का कोण जाणे, तेव्हा माझ्याने राहवले नाही. मी सांगितले, "आफ्रिकेचे आरक्षण मी केव्हाच रद्द केले. आणि त्या दुपारी मी दोन तास वाया घालवले." ह्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. पुष्कळ प्रयत्नांनी एक शब्द आला. "माहीत."

परतताना पुतण्याने एक गोष्ट सांगितली. या पक्ष्यांना उपकरणे लावून शास्त्रज्ञांनी त्यांचा प्रवास तपासला, तेव्हा एक सात हजार मीटरहूनही उंच गेल्याचे आढळले. तरी ते एकदा उंची गाठून तिथेच टिकून राहत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारणे इतके कष्टाचे असते की, मिळवलेली उंची सोडून देणेच परवडते.

मी ह्यांच्या दैनंदिनीत प्रगतीचा आलेख काढत असे. एका आठवड्यात दहा पावले, पुढच्या आठवड्यात चारच. की माझा धीर सुटे आणि तो माझ्या चेहऱ्यावर ह्यांनाही दिसे. आता तो आलेख काढणे मी थांबवले आहे. व्यायाम मात्र एक दिवसही चुकत नाही आणि आठवड्यातून एक दुपार पुतण्या ह्यांच्याजवळ बसतो, तेव्हा मी निर्धास्त झोपते.

तुमच्या घरातला न झालेला प्रवास रद्द करावा लागला असेल, तर तो लपवू नका. ज्याचा होता त्याला सांगा आणि शंभर किलोमीटरच्या आत त्याचे एखादे भावंड सापडते का, ते पाहा.

परवा मी ती निळी फाईल काढली. नकाशा तसाच ठेवला आणि त्याच्यावर एक कागद टाचला. त्यावर तारीख, ठिकाण आणि 'पट्टकदंब' हे मी लिहिले आहे. पुढचा ३१ हा आकडा ह्यांनी डाव्या हाताने काढला आहे. थोडा वाकडा, पण स्वच्छ वाचता येतो.