आठवा ट्रॅक

न वाचलेल्या पुस्तकांबद्दल आपण मराठीचे शिक्षक एकमेकांत पुष्कळ विनोद करतो. न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या तळाच्या खणात अशी साठेक ध्वनिमुद्रणे पडून आहेत: कागदी पाकिटांतल्या सीडी, पाकिटावर तारीख आणि कार्यक्रमाचे नाव. या संग्रहातली एक सीडी मात्र त्या खणात नाही. हे टिपण तिच्याविषयी आहे.

2006 साली आम्ही दोघे नवरा-बायको सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. त्याच वर्षी घरी ब्रॉडबँड आले. आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातला वापर मोजला जात नसे. बीबीसीच्या संकेतस्थळावर रेडिओचे गेल्या सात दिवसांतले कार्यक्रम पुन्हा ऐकण्याची सोय होती. रेडिओ ४ वर दुपारी होणारे पंचेचाळीस मिनिटांचे नाटकही त्यांत असे. आठव्या दिवशी ते नाहीसे होई. ज्यांना आकाशवाणीच्या श्रुतिकांचे वेड लहानपणापासून होते, त्यांच्या हाती हे एक घबाडच लागले.

ही नाटके उतरवून घेता येत नसत. ध्वनी थेंबाथेंबाने येई, ऐकला की संपे. त्यावरचा उपाय एकच होता: संगणक जे वाजवतो आहे तेच त्याला नोंदवायला लावायचे. साउंड कार्डाच्या खिडकीत 'स्टिरिओ मिक्स' हा स्रोत निवडायचा, ऑडासिटीत लाल बटण दाबायचे आणि पंचेचाळीस मिनिटे थांबायचे. या कामात घाई चालत नाही. मध्येच 'बफरिंग' आले की नाटकात एक शांतता पडे, ती नंतर कापावी लागे. सुरुवातीला आम्ही पहाटे पाचला उठून चहाचे कप घेऊन समोर बसत असू. ही सक्तीची बैठकच खरा लाभ होता, हे तेव्हा लक्षात आले नाही.

सीडी करण्याचे कारण मात्र वेगळे होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मराठी विशेषच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हते. श्रुतिकेवर बोलणे चालले असता तिने विचारले, "सर, इंग्रजीत श्रुतिका कशी असते?" तिच्या वसतिगृहात एक साधा सीडी प्लेअर होता. त्याला एमपी३ कळत नसे. एमपी३च्या रूपात एका सीडीवर दहा-बारा तास सहज मावले असते. ऑडिओ सीडीवर मावत ऐंशी मिनिटे. तरीही ऑडिओ सीडीच करणे भाग होते. तिला मागे-पुढे जाता यावे म्हणून आम्ही दर पाच मिनिटांना एक ट्रॅक पाडत असू. पहिल्या सीडीत दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची फट राहिली आणि एक वाक्य मधोमध तुटले. मग संपूर्ण सीडी एका दमात राइट करायची युक्ती सापडली. पाकिटाच्या कोपऱ्यावर ती ब्रेलमधला आकडा उमटवून घेई.

हळूहळू आमचे बसणे सुटले. नोंदणी आपोआप होते, मग समोर कशाला बसायचे? आम्ही बटण दाबून आपापल्या कामाला लागू. येणारा ध्वनी सेकंदाला चाळीस-पन्नास किलोबिटांचा. ऑडिओ सीडीचा हिशेब मात्र चौदाशे अकरा किलोबिटांचा. म्हणजे सुमारे तीसपट जागा व्यापली जाई आणि आवाजात कणाचीही भर पडत नसे. आमचे ऐकणेही तसेच होत चालले होते. खण भरत होता, कान रिकामे.

जुलै 2007 मधल्या एका पहाटे वीज जाऊन आली. संगणक पुन्हा सुरू करताना ध्वनीचा स्रोत बदलून 'मायक्रोफोन' झाला होता, ते आम्ही पाहिले नाही. पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या नेहमीसारख्या नाचत होत्या. त्याच दिवशी सीडी राइट करून, न ऐकता, आम्ही तिला दिली.

दोन दिवसांनी ती विभागात आली. आधी नाटकाबद्दलच बोलली. त्यातली बाई दोनदा घरी येते. पहिल्यांदा तिची पावले फरशीवर वाजतात, दुसऱ्यांदा लाकडावर. "घर बदललंय मॅडम, पण तसं कुणी बोलून दाखवत नाही. पावलांवरूनच कळतं." मग सीडी टेबलावर ठेवून म्हणाली, "आठव्या ट्रॅकवर थोडं बोलणं आलंय. ते नाटकातलं नसावं."

रात्री आम्ही आठवा ट्रॅक लावला. पत्र्यावरचा पाऊस, दूरवर नाटकातले संवाद, दूधवाल्याची घंटा. आणि मग आमच्यापैकी एकाचा स्वच्छ आवाज: "इंग्रजी तिला कुठे झेपणार? पण सीडी हातात पडली की बरं वाटतं तिला." त्यावर दुसऱ्याचे हसणे आणि "हो ना". वाक्य कुणाचे होते हे इथे सांगण्यात अर्थ नाही. होकार दोघांचाही होता.

बेकेटचे 'क्रॅप्स लास्ट टेप' आम्हांला तोवर पुस्तकातूनच माहीत होते. 1957 च्या डिसेंबरात पॅट्रिक मॅगी या नटाने बेकेटच्या गद्यातले उतारे बीबीसीवर वाचले होते. बेकेटने पॅरिसमध्ये ते टेपवरून ऐकले, आणि पुढच्या काही आठवड्यांत एकोणसत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचे हे नाटक लिहायला घेतले. तो म्हातारा एकोणचाळिसाव्या वर्षी नोंदवलेला स्वतःचाच आवाज ऐकतो आणि वैतागतो. आम्हांला तीस वर्षे थांबावे लागले नाही. तीन दिवस पुरले. आम्हांला लाज वाटली ती ते वाक्य उच्चारल्याची तर होतीच; पण अधिक टोचले ते हे, की त्या घरात ते नाटक खरोखर ऐकणारे कुणी नव्हते. ज्यांना इंग्रजी झेपत होते त्या आम्हांला पावलांतला फरक ठाऊकच नव्हता.

सात दिवसांची मुदत अजून संपली नव्हती. पुढच्या पहाटे आम्ही ते नाटक पुन्हा नोंदवले, या खेपेला दोघेही समोर बसून, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. फरशी ऐकू आली, लाकूडही. नवी सीडी देताना आम्ही माफी मागितली. ती आम्हांला नीट मागता आली नाही. वर्गात भाषा शिकवणाऱ्यांची वाक्ये अशा वेळी अर्धवटच राहतात. तिने ऐकून घेतले. जुनी सीडी परत घेण्यासाठी आम्ही हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "ही पण राहू द्या माझ्याकडे." का, ते आम्ही विचारले नाही. विचारायचा हक्क आम्हांला उरला आहे असे वाटले नाही.

2007 च्या अखेरीस बीबीसीचा आयप्लेअर आला आणि पुढे ती जुनी व्यवस्था मागे पडत गेली. आज आमच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. गेल्या दिवाळीत एक जुना प्लेअर मिळवून आम्ही खणातल्या सीडी लावून पाहिल्या. काही सुरुवातीलाच अडकतात, काहींवर नुसती खरखर उरली आहे. लेझरने ज्या रंगद्रव्यावर अक्षर उमटवले, ते द्रव्य उष्णतेने, उजेडाने झिजत जाते, हे आता सर्वांना माहीत आहे. ज्या वाजल्या त्यांतल्या पुष्कळशा आम्ही प्रथमच ऐकत होतो.

ती विद्यार्थिनी आता एका महाविद्यालयात मराठी शिकवते. ती सीडी तिच्याकडे अजून वाजते का, हे आम्ही विचारलेले नाही. आम्ही इतकेच पाळतो, की वर्गात ऐकवायचे ध्वनिमुद्रण आधी घरी दोघांनी मिळून ऐकायचे, मधला भाग न वगळता. वेळ लागतो. पंचेचाळीस मिनिटांच्या नाटकाला आजही पंचेचाळीसच मिनिटे लागतात.