दूध, ब्रेड, बटाटे... आणि रीसलिंग!

वाईन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंच देठाचा ग्लास, मंद दिवे, अदबीनं उभा असलेला वेटर आणि शेवटी घाम फोडणारं बिल! आता जरा वेगळं चित्र बघा. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. वरून फाडून तसेच मांडलेले पुठ्ठ्याचे खोके. एका बाजूला बटाट्यांच्या जाळीच्या पिशव्या, दुसऱ्या बाजूला ऑफरमधले लोकरी मोजे. आणि मधल्या रॅकवर ओळीनं उभ्या रीसलिंग, ग्राउबुर्गुंडर, मेर्लो. किंमत? साधारण दोन युरोपासून पुढे. मंडळी, जर्मनीतल्या डिस्काउंट सुपरमार्केटमध्ये तुमचं स्वागत आहे!

नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचं शनिवार संध्याकाळचं हे ठरलेलं ठिकाण. रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे आठवड्याचं सगळं सामान शनिवारीच भरायचं. पुढे ट्रॉलीत डायपरचे गठ्ठे घेतलेला बाबा, मागे एकच बाटली हातात धरलेल्या आजीबाई. त्या बाटलीकडे कुणी वळूनही बघत नाही. कॅशियर ती दुधाच्या वेगानंच स्कॅन करते. इथे वाईन म्हणजे किराणा, बस्स!

आईचं दुकान, भावांचं साम्राज्य

या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव आल्डी. १९१३ मध्ये एसेन शहरात आल्ब्रेख्त कुटुंबातल्या आईनं एक छोटं दुकान सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या तिच्या मुलांनी ते हातात घेतलं आणि वाढवलं. 'आल्ब्रेख्त डिस्काउंट'चं झालं 'आल्डी'. १९६० च्या सुमारास भावाभावांत वाटणी झाली. सिगरेट विकायची की नाही यावरून बिनसलं म्हणतात! उत्तर जर्मनी एकाकडे, दक्षिण दुसऱ्याकडे. फ्रँकफर्ट येतं दक्षिणेच्या, म्हणजे आल्डी स्यूडच्या वाट्याला. त्यांचा तगडा स्पर्धक लिडल १९७३ पासून मैदानात आहे.

दोघांचा फंडा सारखाच. मोजका माल, स्वतःची लेबलं, सजावटीवर शून्य खर्च. एका वस्तूचे पन्नास प्रकार ठेवण्यापेक्षा दोनच ठेवायचे आणि ते प्रचंड प्रमाणात विकत घ्यायचे. वाईनलाही तोच न्याय.

कैसरचं आरमार आणि एक युरो दोन सेंट

वाईन इतकी स्वस्त मिळण्याचं आणखी एक कारण म्हणजे कर. जर्मनीत साध्या वाईनवर वेगळा दारू-कर नाहीच, फक्त १९ टक्के व्हॅट. फेसाळणाऱ्या वाईनवर, म्हणजे 'झेक्ट'वर मात्र बाटलीमागे १ युरो २ सेंट कर आहे. तो १९०२ मध्ये लावला कशासाठी? कैसरच्या आरमारासाठी पैसे हवेत म्हणून! ते आरमार १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लोमध्ये त्याच्याच खलाशांनी बुडवलं. कर मात्र, मधली काही वर्षं सोडली तर, आजही तरंगतोय. म्हणून बजेट टाइट असेल तर 'झेक्ट'ऐवजी हलक्या बुडबुड्यांची 'पेर्लवाइन' किंवा साधं बूच असलेली इटालियन 'फ्रिझांते' बघा. त्यांच्यात दाब कमी असतो, त्यामुळे हा कर लागत नाही.

लेबल वाचा, बॉस!

इथे सल्ला द्यायला सेल्समन नाही. सगळी मदत लेबलवरच असते, फक्त ती वाचता यायला हवी. सुरुवात करा 'ट्रोकन' या शब्दापासून. ट्रोकन म्हणजे ड्राय. 'हाल्बट्रोकन' आणि 'फाइनहेर्ब' म्हणजे किंचित गोडसर. 'लीब्लिश' म्हणजे चक्क गोड. शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगवर ८-९ टक्के लिहिलं असेल, तर द्राक्षातली बरीच साखर आंबायची राहिलेली आहे, म्हणजे वाईन गोड. १२ च्या वर असेल तर बहुतेक ड्राय.

मग शोधा 'प्रेडिकाट्सवाइन'. कॅबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही त्याची नावं. खुडताना द्राक्षं किती पिकलेली होती त्यावरून ती ठरतात, आणि या वर्गात आंबवण्याआधी रसात बाहेरून साखर घालायला मनाई आहे. म्हणजे जे काही आहे ते द्राक्षाचंच.

तिसरी गोष्ट, बाटली भरली कुणी? 'गुट्सआबफ्युलुंग' असेल तर ज्याचा मळा त्यानंच बाटली भरलेली. 'विन्झरगेनोसेनशाफ्ट' हा लांबलचक शब्द दिसला तर घाबरू नका. तो आपल्या ओळखीचा आहे. द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था! साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो लगेच जवळचा वाटतो. आणि नुसतं 'आबफ्युलर' असेल, तर कुठून तरी वाईन विकत घेऊन बाटलीत भरणारी कंपनी.

पाच युरोचं गणित

आता खरा मुद्दा. दोन युरोची बाटली घ्यायची की पाचची? चला, गणित मांडूया. १.९९ च्या बाटलीतून व्हॅटचे ३२ सेंट गेले, उरले १.६७. ४.९९ च्या बाटलीतून ८० सेंट गेले, उरले ४.१९. काच, झाकण, लेबल, खोका, ट्रकचं भाडं हा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. समजा तो एक युरो धरला, तर पहिल्या बाटलीत दुकानदार आणि वाईनवाला यांच्यात मिळून ६७ सेंट उरतात. दुसरीत ३ युरो १९. किंमत अडीचपट, पण आतल्या द्राक्षापर्यंत पोचू शकणारा पैसा जवळपास पाचपट! तीन युरो जास्त टाकून इतका फरक पडणारी दुसरी वस्तू त्या अख्ख्या दुकानात नसेल. पंधरा युरोच्या पुढे मात्र हा फरक हळूहळू पसरत जातो, आणि कधी कधी तुम्ही नुसत्या नावाचे पैसे मोजता.

हे गणित नुसतं कागदावर कळत नाही. त्यासाठी एका शनिवारी सकाळी फ्रँकफर्टहून एस-८ लोकल पकडा आणि माइन्झला उतरा. मार्च ते नोव्हेंबरमध्ये तिथल्या कॅथेड्रलजवळच्या बाजारात 'मार्क्टफ्रुहश्ट्युक' रंगतो. भाजी घ्यायची, पाव आणि सॉसेज घ्यायचं आणि उभ्याउभ्याच स्थानिक वाईनवाल्यांच्या स्टॉलवर ग्लास भरून घ्यायचा. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी ऱ्हाईनच्या काठाकाठानं ट्रेननं र्‍यूडेसहाइमपर्यंत जा. खिडकीतून दिसतात ते मळे इतके उभे आहेत की बघूनच गुडघे दुखायला लागतात. अशा उतारावर बरीचशी कामं हातानंच करावी लागतात. छाटणी हातानं, खुडणी हातानं. सपाटीवर तेच काम यंत्र झटक्यात उरकतं.

ते उतार बघताना मला नाशिक-सांगलीचे बागायतदार आठवतात. भाव पडला की पहिला फटका कुणाला बसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टँकरनं विकली जाणारी वाईन इथे लिटरला एक युरोच्या खालीही जाते. म्हणजे दोन युरोची बाटली आपल्याला स्वस्त पडते खरी, पण तिची उरलेली किंमत कुणीतरी मळ्यात भरत असतं. पाच युरोची सहकारी संस्थेची रीसलिंग माझ्या खिशाला परवडते आणि पिकवणाऱ्याच्या हातात चार पैसे उरण्याची शक्यता तरी ठेवते. 'अफोर्डेबल'ची माझी व्याख्या आता हीच आहे.

रश्श्याबरोबर काय?

घरी पाहुणे आले की बेत ठरलेला. कोल्हापुरी रस्सा असेल तर हाल्बट्रोकन रीसलिंग, चांगली गार करून. तिचा किंचित गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. जड, जास्त अल्कोहोलची रेड वाईन तिखटावर टाळा, आग आणखी भडकते. वांग्याच्या भरिताबरोबर थोडी गार केलेली डोर्नफेल्डर एकदा ट्राय कराच. ही रेड द्राक्षाची जात १९५५ मध्ये जर्मनीतच तयार झाली. फळांच्या चवीची, मऊ आणि नखरे न करणारी! तळलेल्या पापलेटबरोबर ग्राउबुर्गुंडर. घाबरू नका, पिनो ग्रिजोचंच हे जर्मन नाव.

आपल्याकडे वाईन अजून किराण्याच्या रॅकवर आलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर जोरदार वादळ उठलं आणि निर्णय कागदावरच अडकला. त्यातलं बरोबर काय, चूक काय, यावर आमच्या पार्टीत दर वेळी दोन तट पडतात. तोवर जर्मनीला याल तेव्हा डिस्काउंट दुकानात चक्कर मारायला विसरू नका.

खिशात ठेवा

- बजेट: ४ ते ६ युरो. फरक इथेच सगळ्यात जास्त जाणवतो.
- नंबर: जर्मन क्वालिटी वाईनवर 'ए. पी.' क्रमांक असतो. शेवटचे दोन आकडे म्हणजे सरकारी चाचणीचं वर्ष. साध्या व्हाइट वाईनसाठी ताजं वर्ष निवडा.
- झाकण: स्क्रू कॅपला नाकं मुरडू नका. रोजच्या वाईनसाठी ते उत्तमच.
- एक-एक घ्या: आधी एकच बाटली आणा, चव बघा, आवडली तर खोका उचला. ऑफरचा माल संपला की संपला!
- रिकामी बाटली: साध्या वाईनच्या काचेच्या बाटलीवर डिपॉझिट नसतं. रंग बघून काचेच्या कंटेनरमध्ये टाका. पण रविवारी नको. खळ्ळकन आवाज झाला की शेजारच्या आजीबाई खिडकीत हजर!